हाताला लागणारी गाठ

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी थोरलीने फोनवर विचारले, "आजी, आपल्या घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का? इथे डॉक्टरांच्या फॉर्मवर लिहायचे आहे." मी सांगितले, रक्ताच्या नात्यात कोणाला नाही. माझ्या आईला नाही, बहिणींना नाही, तुझ्या आजोबांच्या बाजूलाही नाही. फॉर्मपुरते ते उत्तर बरोबरच होते. तुम्ही जिला लहानी आजी म्हणता ती माझी धाकटी जाऊ. ती दुसऱ्या घरातून आपल्याकडे आली, तिचे रक्त तुमच्यात नाही. पण फोन ठेवल्यावर मला वाटत राहिले, की विचारले तेवढेच सांगून मी मोकळी झाले. म्हणून हे लिहिते आहे. नातवांनीही वाचावे, फक्त मुलींसाठी आहे असे समजून बाजूला ठेवू नये.

आधी माझ्या एका सवयीविषयी सांगायला हवे. गोंदियाच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. तिरोड्याच्या वाटेवर आपले गाव. तिथे घरात आणि शेजारीपाजारी इंग्रजीत आलेला कुठलाही कागद माझ्याकडे यायचा. विम्याचा, बँकेचा, वीज कंपनीचा, दवाखान्याचा. मी गावी गेले की ओसरीवर दोन-चार जण पिशव्या घेऊन बसलेले असत. मी चष्मा लावायची, कागद वाचायची आणि एका वाक्यात सांगायची, "काही नाही, सही करून पाठव," किंवा "हे तालुक्याला जाऊन दुरुस्त करून आण." लोक तेवढे ऐकून उठत. पुढे कोणी काही विचारत नसे. मला त्याचा अभिमान होता. गुणपत्रिकेवर नजर टाकावी तशी मी कुठल्याही कागदावर आधी निकालाची ओळ शोधत असे. बाकीचे रकाने नंतर, वेळ मिळाला तर.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात लोणच्यासाठी मी गावी गेले होते. लहानी कैऱ्या फोडत होती, मी फोडी पुसून परातीत टाकत होते. तिला तेव्हा पन्नाशी ओलांडून तीन-चार वर्षे झाली होती, माझ्याहून बरीच लहान. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "बाई, मले इथी एक गाठ लागून राहिली."

"कुठे?"

तिने कोपराने डाव्या छातीकडे दाखवले, कारण दोन्ही हात कैरीच्या चिकाने भरले होते.

"दुखते का?"

"नाई दुखत. म्हनूनच कोनाले बोलली नाई."

आत नेऊन मी हात लावून पाहिला. चिंचोक्याएवढी, टणक, बोटाखाली न सरकणारी. मी वर्तमानपत्रातले आरोग्याचे पान नेमाने वाचणारी बाई. मला माहीत होते, की न दुखणारी गाठ दुर्लक्ष करण्यासारखी नसते. तिला म्हटले, तपासून घेऊ. त्याच आठवड्यात तिरोड्याला बायकांसाठी शिबिर होते. मॅमोग्राफीचे यंत्र बसवलेली एक मोठी बस येणार होती. मला ते अगदी सोयीचे वाटले. बस आली, तपासणी झाली, रिपोर्ट घरी येणार, सगळे कसे व्यवस्थित.

त्या दिवशी मी तिला आंघोळ करायला लावली, नवे लुगडे नेसवले आणि डॉक्टरकडे घामाचा वास नको म्हणून काखेत, गळ्याखाली माझ्या डब्यातली पावडर भरपूर लावली. बसमधल्या तंत्रज्ञ मुलीने कपाळाला हात लावला. "पावडर कोणी लावली? फोटोत पांढरे ठिपके येतात त्याचे." ओल्या कापडाने तिने सगळी पुसून काढली. लहानी बाहेर आली ती कुरकुरतच. "पापड दाबतेत तसं दाबलं वो बाई. अन् तुमची पावडर गेली ते येगळीच."

पंधरा दिवसांनी पाकीट आले. तिने ते न फोडता गोंदियाला माझ्याकडे पाठवून दिले, सगळे पाठवत तसेच. वर जाड अक्षरांत निष्कर्ष होता: संशयास्पद काही दिसत नाही. खाली बारीक अक्षरांत तीन-चार ओळी होत्या. त्या मी पाहिल्या, नीट वाचल्या नाहीत. प्रत्येक छापील कागदाखाली असे काहीतरी असतेच, असे मला वाटले. वहीत तारीख घालून 'नॉर्मल' असे लिहिले, रिपोर्ट फाइलमध्ये लावला आणि गावी फोन केला.

"काही नाही निघाले गं. निश्चिंत राहा."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि भाताच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायचे आहेत, मजूर मिळत नाहीत, असे काहीबाही बोलत राहिली.

मग भाताची रोवणी आली. ती चिखलात, मी माझ्या घरात. गौरींना मी पुन्हा गावी गेले. रात्रीच्या पुरणासाठी डाळ निवडत बसलो होतो तेव्हा सहज आठवले म्हणून विचारले, "ती गाठ गेली ना मग?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी काही खुळ्यासारखे बोलले असावे.

"जाईन कुठी? हाय ना."

"आहे?"

"मशीनले नाई दिसली म्हनून का ते निघून गेली?"

मी डाळ तशीच टाकून उठले. आत जाऊन पुन्हा हात लावला. आता ती सुपारीएवढी होती, आणि तिच्यावरची कातडी किंचित आत ओढल्यासारखी दिसत होती. दुसऱ्याच दिवशी गोंदियाला परतले, चप्पलसुद्धा न काढता फाइल उघडली आणि त्या बारीक ओळी वाचल्या. स्तनाची घनता जास्त असल्याने लहान गाठ झाकली जाऊ शकते. हाताला गाठ लागत असल्यास हा रिपोर्ट तेवढ्यावर पुरेसा मानू नये. सोनोग्राफी करून घ्यावी. माझ्या शाळेतल्या आठवीच्या मुलीलाही कळावे असे सोपे इंग्रजी होते ते.

मी कोणाला काही सांगितले नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. लहानीला फोनवर एवढेच म्हटले, "अजून एक तपासणी राहिली आहे, गोंदियाला ये."

"कोनती?"

"सोनोग्राफी."

पलीकडे ती हसत सुटली. "या वयात सोनोग्राफी? लोक का म्हनतीन वो?"

आमच्या भागात सोनोग्राफी म्हटले की पोटातले बाळ, दुसरे काही कोणाच्या मनातच येत नाही. केंद्राबाहेर 'गर्भलिंग तपासणी होत नाही' अशी पाटी, आत बाकांवर सगळ्या गरोदर पोरी आणि त्यांच्या सासवा. त्यात आम्ही दोघी. शेजारच्या गावची एक ओळखीची बाई सुनेला घेऊन आली होती. तिने लहानीला विचारले, "तुमी कोनाले घेऊन आल्या?"

लहानीने माझ्याकडे बोट दाखवले. "यायलेच आनलं. सातवा लागला."

मी तेव्हा सत्तरी पार केलेली. सगळा बाक हसला. मला हसू आले नाही. तिचा घसा कोरडा पडला असावा असे समजून मी पाण्याची बाटली पुढे केली, तर ती म्हणाली, "नका देऊ बाई, आता फुटतो मी." गावातल्या सगळ्या बायकांनी तिला सांगितले होते, की सोनोग्राफीला लघवी भरून ठेवावी लागते. घरून निघताना तिने दोन तांबे पाणी पिऊन घेतले होते आणि दोन तास रोखून धरले होते. आतल्या डॉक्टर बाईंनी ते ऐकले आणि म्हणाल्या, "अम्मा, छाती की जाँच है, पेट की नहीं. पहले बाथरूम जाके आओ."

तपासणी चालली असताना त्यांनी मला आत उभे राहू दिले. पडद्यावर करड्या रंगात एक काळी, वाकड्यातिकड्या कडांची आकृती होती. दोन-तीनदा त्यांनी तिच्यावर यंत्र फिरवले, मापे घेतली. त्या पुन्हा त्याच जागी आल्या तेव्हाच मी समजले.

नंतर त्यांनी मला समजावले, आणि ते तुम्ही नीट वाचावे, कारण हे मला मे महिन्यात कळायला हवे होते. मॅमोग्राफी म्हणजे एक्स-रे. ज्या बाईच्या स्तनात चरबी कमी आणि दुधाच्या ग्रंथींचा भाग जास्त, तिचा सगळाच फोटो पांढरा येतो, आणि गाठही पांढरीच दिसते. तांदळाच्या ढिगात पांढरा खडा शोधण्यासारखे. वय वाढेल तसा हा पांढरेपणा बहुतेकींचा कमी होतो, सगळ्यांचा नाही. पण चुन्याच्या कणांसारखे अगदी बारीक ठिपके मॅमोग्राफीत दिसतात, आणि कधीकधी हाताला काही लागायच्या आधी तेच पहिली खूण असतात. ते सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींनी बघते. गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव, तिच्या कडा गुळगुळीत आहेत की ओबडधोबड, हे ती सांगते. म्हणून तरुण मुलींना गाठ लागली तर आधी सोनोग्राफी करतात, आणि मोठ्या वयात बहुधा दोन्ही. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नसते.

"और हाथ को गाँठ लग रही है, तो फोटो कितना भी साफ आए, वहाँ रुकना नहीं है," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटले. त्यांना काही माहीत नव्हते, तरी मी मान खाली घातली.

आता सुईने तुकडा काढून तपासायचा होता. संध्याकाळी गावच्या घरी तेवढ्यावरून मोठा गोंधळ झाला. तुमच्या लहान्या आजोबांचा, म्हणजे माझ्या दिराचा, सुईला विरोध होता. आपल्या घराण्याने तलाव बांधले आणि सांभाळले, हे तुम्ही ऐकले आहेच. तलावाची मातीची पाळ जिथे ओली दिसते तिथे कोणी कुदळ लावत नाही. बाहेरून माती टाकून दाबतात. त्यांनी तेच सांगितले. "पाझरत्या पाळीले टोचायचं नसते. टोचलं की फुटते. तसंच हे बी. सुई लावली की आंगभर पसरते, सगळे सांगतेत."

लहानी भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "मी का तलाव आहो?"

"थट्टा कायले करतेस?"

"थट्टा कोन करून राहिलं? तुमी माती टाकून दाबान का मले?"

पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा फोनवर होता. त्याचे म्हणणे आणखी वेगळे. "मोठी आई, सुईबिई नको. सरळ एमआरआय करून टाका. सगळ्यात भारी मशीन तेच आहे, एकदाच काय ते स्पष्ट होईल."

खरे सांगायचे तर मलाही ते पटत होते. मोठे यंत्र म्हणजे मोठा निकाल, असा माझ्या पिढीचा समज. मी वहीत तीन रकाने आखले, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, एमआरआय, आणि दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन एकटीच गोंदियाला डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी वही पाहिली आणि हसल्या. मग त्यांनी सांगितले, की एमआरआयमध्ये शिरेतून औषध सोडून रक्त कुठे जास्त धावते ते बघतात. पुष्कळ काही दिसते, इतके की निरुपद्रवी गोष्टीही संशयास्पद वाटू शकतात. घराण्यात आजार असलेल्या बायकांसाठी, किंवा ऑपरेशनच्या आधी गाठीचा पसारा नीट कळत नसेल तर त्याचा उपयोग होतो. पण हाताला लागणारी, सोनोग्राफीत अशी दिसणारी गाठ काय आहे हे त्याने ठरत नाही. तिन्ही यंत्रे बघू शकतात. ती काय आहे हे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच कळते. आणि सुईने आजार पसरतो असे ऐकून बायका थांबून राहतात, त्यात जे महिने जातात त्यांनीच नुकसान होते.

'महिने' हा शब्द मी वहीत लिहिला नाही.

गावी परत येऊन दिरांसमोर सगळे सांगितले. लहानीने माझ्या वहीतले रकाने पाहिले. तिला वाचता येते, पण इंग्रजी नाही; मी मराठीतच लिहिले होते. "यात सुई कुठी आहे?" तिने विचारले.

"चौथा रकाना करायला हवा."

"नोका करू. मी करून घेतो." आणि दिरांकडे वळून, "उद्या मोटरसायकल तुमी काढता का मी बसनं जाऊ?"

त्यांनी मोटरसायकल काढली.

जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुई घातली. टक असा आवाज झाला, स्टेपलरसारखा. चार-पाच वेळा. लहानीने माझा हात धरला नाही. पदराचे टोक मुठीत घेतले होते. आठवड्याने निदान आले, आणि ते आम्हाला भीती होती तेच होते. मग नागपूर. तिथल्या सर्जननी पुन्हा मॅमोग्राफी केली, दुसरी बाजू आणि ते चुन्याचे ठिपके पाहायला. एमआरआय त्यांना लागला नाही. काखेतल्या एका लसिकाग्रंथीत आजार पोहोचला होता.

मी सर्जनना बाजूला घेऊन विचारले, "मे महिन्यातच सोनोग्राफी झाली असती तर?"

त्यांनी फाइल चाळली. "काखेत तेव्हा होता की नव्हता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, मॅडम."

मला नाही म्हणणारे उत्तर हवे होते. हो म्हणणारेही चालले असते. हे तिसरे उत्तर घेऊन मी वॉर्डात परत आले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होते. दीर डबा आणायला गेले होते. ती खिडकीकडे तोंड करून पडली होती.

"मला तुला एक सांगायचे आहे," मी म्हटले. आणि सांगितले: बारीक ओळी, त्यात काय लिहिले होते, मी ते कसे वाचले नाही आणि नंतर वाचूनही कसे लपवले.

तिने कूस बदलून माझ्याकडे तोंड केले. मग म्हणाली, "मले तवाच मालूम होतं."

"काय माहीत होते?"

"की गाठ हाय म्हनून. रोवणीत रोज हात लागे. वाढून राहिली हे बी समजे."

"मग बोलली का नाहीस? फोन का नाही केलास?"

"तुमी वाचलं होतं ना बाई."

यात टोमणा नव्हता. ती फक्त खरे ते सांगत होती. मी वाचले होते, म्हणून स्वतःच्या बोटांखाली लागणारी गाठ तिने गप्प ठेवली. तुमच्यापैकी कोणाला मी लिहायवाचायला शिकवले, कोणाची स्पेलिंगे सुधारली. ते सगळे त्या एका वाक्यासमोर मला वेगळेच दिसू लागले. मी रडले असेन. ती वैतागली. "आता रडून का होते? चोळी कोनती घालायची ते सांगा उद्या, का हेच देतेत कपडे?"

ऑपरेशन झाले, नंतर औषधाचे डोस, नंतर रेडिएशनचा शेक. केस गेले, आले, आता आधीपेक्षा कुरळे आले आहेत. डावा हात सुजतो म्हणून ती आता रोवणीला उतरत नाही. बांधावर बसून सगळ्यांना ओरडते, असे दीर सांगतात. पूर्ण बरी झाली असे डॉक्टर अजून म्हणत नाहीत. वर्षाला तपासणी असते, आणि ती होईपर्यंतचा महिना आमच्या दोन्ही घरांत कोणी मोठ्याने बोलत नाही.

यंदाची तपासणी मागच्याच आठवड्यात झाली. मॅमोग्राफी झाली आणि सोनोग्राफीही. काउंटरवरून पाकीट मिळाले ते तिने नेहमीप्रमाणे माझ्या हातात दिले. मी ते न उघडता तिला विचारले, "तुझ्या हाताला काही लागते का?"

"नाई."

"काखेत? गळ्याजवळ? दुसऱ्या बाजूला?"

"रोज पाहतो मी आंघोळीच्या वक्ताले. नाई लागत म्हनलं ना. आता वाचा."

मी चष्मा लावला आणि अगदी वरपासून वाचायला लागले, तिला मराठीत सांगत, एकेक ओळ. तारीख, वय, डावी बाजू, उजवी बाजू. निष्कर्ष चांगला होता. त्याच्या खालच्या ओळीही वाचल्या. शेवटून दुसऱ्या ओळीत एक शब्द होता, तो मला येत नव्हता. अंदाज करता आला असता, आणि तो बहुधा बरोबरही निघाला असता.

"हा शब्द मला कळत नाही," मी तिला म्हटले.

"मंग चला," ती पिशवी उचलत म्हणाली. आमचा नंबर होऊन गेला होता, बाहेर रांग होती, दारावरचा माणूस नको म्हणत होता. तरी आम्ही दोघी पुन्हा आत गेलो.